पडतो तो ड्रोन, चार्जर नव्हे

गेल्या पावसाळ्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ड्रोन बांधणीची दोन दिवसांची कार्यशाळा होती. पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी व्यासपीठावरून मुलांना सल्ला दिला, ‘तुमचा पहिला ड्रोन पडणारच आहे. मग त्याच्यावर पैसे कशाला घालवता? सगळ्यात स्वस्त संच घ्या, पाडा, शिका आणि मग चांगला घ्या.’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. पाहुण्याला भर सभेत अडवणं बरं दिसत नाही म्हणून गप्प राहिलो. पण पुढच्या चार महिन्यांत त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी पाच-सहा जण जळक्या वस्तू घेऊन माझ्या टेबलाशी आले, तेव्हा आता उत्तर देणं भाग आहे.

सल्ल्याच्या पहिल्या वाक्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पहिला ड्रोन पडतो. माझा लिंबाच्या झाडात गेला आणि तो काढायला आंबे उतरवायची झेली आणावी लागली. गफलत आहे ती ‘म्हणून स्वस्त घ्या’ यातल्या ‘म्हणून’मध्ये. पडतं काय, याचा विचार त्या ‘म्हणून’ने केलेलाच नाही.

ड्रोनसाठी विकत घेतलेल्या वस्तू एकदा टेबलावर मांडून बघा. रिमोट तुमच्या हातात राहतो. चार्जर भिंतीतल्या प्लगपाशी राहतो. सोल्डरची बंदूक आणि मल्टिमीटर खणात राहतात. यातलं काहीही कधी जमीन सोडत नाही, त्यामुळे पडतही नाही. आणि स्वस्त संच जोडणारा दुकानदार नेमका इथेच हात आखडता घेतो, कारण गिऱ्हाईक फ्रेम आणि मोटरा बघतं, चार्जर बघत नाही. जे दहा वर्षं टिकलं असतं ते भिकार घ्यायचं आणि जे पहिल्या रविवारी मोडणार त्याला चकाकी आणायची, असा हा उलटा धंदा आहे. आमच्याकडे याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. फक्त इथे कोंबडी कच्ची राहते आणि मसाला जळतो.

तो संच कोणता हे वेगळं सांगायला नको. पुण्यात तपकीर गल्लीत विचारा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ‘कॉलेज प्रोजेक्टचा ड्रोन’ म्हटलं की समोर येतो तोच : एफ-४५० जातीची फ्रेम, चार ए-२२१२ मोटरा, मोटरांचा वेग सांभाळणारे ३० अँपिअरचे चार ईएससी, १०४५ म्हणजे दहा इंची पंखे, तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-अवरची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, एक फ्लाइट कंट्रोलर, एक सहा चॅनेलचा रिमोट आणि पिशवीच्या तळाशी काडेपेटीपेक्षा जरा मोठा चार्जर. ‘थ्री इडियट्स’मधला तो ड्रोन २००९ साली पडद्यावर आला. तो आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मुलांच्या आयडियाफोर्ज कंपनीने उडवला होता. तेव्हापासून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ड्रोन हवाच, असं झालंय. त्या हौसेला माझा आक्षेप नाही. आक्षेप पिशवीला आहे.

पहिला मुलगा आला तो चाकणकडचा. ‘सर, एकच मोटर गेलीय, बाकी सगळं चांगलं आहे.’ मोटर हातात घेतली. वार्निश जळल्याचा वास अजून जात नव्हता, आतली तांब्याची गुंडाळी काळी ठिक्कर पडलेली. तिच्या अंगावरचं लेबल वाचलं : ए-२२१२, पुढे तिरकी रेघ, ६टी, २२०० केव्ही. उरलेल्या तीन मोटरा बघितल्या. त्यांच्यावर १३टी, १००० केव्ही. दुकानात एक मोटर कमी पडली म्हणून दुसऱ्या खोक्यातली टाकून दिली होती. मुलाला विचारलं, हे वाचलं नाहीस का? तो म्हणाला, ‘वाचलं ना सर. वाटलं, २२०० म्हणजे जास्त पॉवरची दिली, बरंच झालं.’

इथे मुलाला हसू नये. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पंखा न लावता मोकळी फिरणारी मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेईल, तो आकडा म्हणजे केव्ही. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची धरली तर १००० केव्हीची मोटर ११,१०० फेऱ्यांकडे धावते आणि २२०० केव्हीची २४,४२० फेऱ्यांकडे. आता हवेचा हिशोब निर्दय आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की तो फिरवायला लागणारी शक्ती आठपट होते. दहा इंची पंखा लावून त्या मोटरीला चोवीस हजारांकडे पळायला सांगणं म्हणजे मोपेडला उसाची ट्रॉली जोडणं. ती तिथवर पोचत नाहीच, पोचायच्या धडपडीत करंट ओढत जाते आणि जळते. जाताना ईएससीलाही सोबत नेते. २२०० केव्हीची तीच मोटर छोट्या विमानाला सहा इंची पंखा लावून वर्षानुवर्षं चालते. मोटर वाईट नव्हती, जोडी वाईट होती.

पाहुण्यांच्या सल्ल्याचा मोठा तोटा मला इथे दिसतो. स्वस्त संच मुलाला हिशोबापासून सुटका देतो. पिशवीत सगळं आहे म्हटल्यावर लेबल कोण वाचणार? आणि पहिला ड्रोन बांधण्यात शिकण्यासारखं जे आहे ते सगळं त्या लेबलांतच असतं. ‘पाडा आणि शिका’ हे ऐकायला झकास वाटतं. पण मिसळून टाकलेली मोटर जळल्यावर मुलगा काय शिकला? एवढंच, की ड्रोन हे आपलं काम नाही. त्या बॅचमधल्या दोघांनी तिथेच हात टेकले.

हिशोब काय असतो तो एकदा मांडूनच दाखवतो. स्वयंपाकघरातला काटा घ्या, आईची परवानगी काढून. एफ-४५०ची फ्रेम साधारण २८० ग्रॅम. चार मोटरा मिळून दोनशेच्या आसपास. चार ईएससी शंभर. बॅटरी १८० ते १९०. पंखे, कंट्रोलर, जीपीएस, रिसीव्हर, वायरी, पट्टे, जमेल तितका कमी पसारा धरला तरी गाडी एक किलोपाशी येते. तरंगत राहायला चार मोटरांनी मिळून एक किलो उचललं पाहिजे, म्हणजे प्रत्येकीने पाव किलो. पण वाऱ्यात तोल सावरायला आणि घसरताना वर यायला हाताशी राखीव जोर लागतो. म्हणून चारही मोटरांचा मिळून जोर वजनाच्या निदान दुप्पट हवा. १००० केव्ही, दहा इंची पंखा आणि तीन सेल या जोडीत एकेक मोटर पाऊण किलोच्या आसपास उचलते, म्हणजे सुमारे तिप्पट. जमलं.

आता उडणार किती वेळ? या आकाराचा पंखा एका वॉटला सुमारे सात ग्रॅम उचलतो असं धरा. एक किलोला १४३ वॉट, ११.१ व्होल्टला १३ अँपिअर. बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १.७६ अँपिअर-अवर. भागाकार केला की आठ मिनिटं येतात. दुकानदाराने वीस सांगितलेली असतात. ‘मग मोठी बॅटरी लावू’ असं मूल म्हणतं, तेव्हा काटा पुन्हा पुढे करायचा : बॅटरीचं वजन वाढलं की तेच वजन उचलायला करंट वाढतो आणि दुप्पट बॅटरीत दुप्पट वेळ कधीच मिळत नाही. हा अर्ध्या तासाचा, एका पानाचा हिशोब आहे. तो केलेल्या मुलाला संच लागत नाही, यादी पुरते. ती तो स्वतःच करतो.

आणि गंमत म्हणजे या हिशोबात ती बदनाम ४५०ची फ्रेम चांगली निघते. हल्लीचे शहाणे म्हणतात की ४५० जुनाट झाली, पाच इंची कार्बनचा रेसिंग ड्रोन बांधा. त्यांचंही मला पटत नाही. दहा इंची पंख्याचं वर्तुळ पाच इंचीच्या चौपट, त्यामुळे तो हवा सावकाश ढकलतो आणि कमी विजेत उचलतो. पाच इंची रेसिंग ड्रोनचा जोर वजनाच्या सहा-सात पट असतो. नवशिक्याने थ्रॉटलची दांडी नखभर हलवली की तो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. गाडी शिकायला कुणी शर्यतीची मोटारसायकल देत नाही. तेव्हा फ्रेम ठेवा. पंखेही ठेवा, उलट डझनभर जास्तीचे आणा. एवढ्यापुरते पाहुणे बरोबर आहेत : जे मोडायचं ते स्वस्तच असावं. प्लॅस्टिकचा पंखा फ्यूजसारखा असतो. तो तुटतो म्हणून मोटरचा दांडा वाकत नाही. पहिल्याच ड्रोनला कार्बनचे पंखे लावणाऱ्याच्या मोटरा वाकतात, बोटं कापतात आणि पंखे मात्र शाबूत राहतात.

पिशवीच्या तळाशी होता तो चार्जर आता वर काढू. हा छोटा चार्जर २२००ची बॅटरी भरायला तीनेक तास घेतो, पण तक्रार वेळेची नाही. तो दिवा लाल-हिरवा करण्यापलीकडे काही सांगत नाही. कुठला सेल किती व्होल्टवर आहे, एक मागे पडलाय का, काही नाही. लिपोचा सेल भरला की ४.२ व्होल्ट आणि न वापरता ठेवायचा तर ३.८ व्होल्टच्या आसपास. परीक्षा आली, महिनाभर उडवणं बंद, बॅटरी पूर्ण भरून कपाटात. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात. बाहेर काढली की उशीसारखी फुगलेली. मुलं म्हणतात, ‘थोडीच फुगलीय सर, उडते अजून.’ आणि ती आग लागण्याआधी नोटीस देत नाही. साठवणीचा मोड असलेला, सेलनिहाय व्होल्टेज दाखवणारा चांगला चार्जर घेतला असता तर बॅटरी महिनाभर ३.८वर निवांत राहिली असती. स्वस्तातला चार्जर दर सहा महिन्यांनी एक बॅटरी खातो. मग स्वस्त काय झालं? लिपो चार्ज करायची ती फरशीवर, जवळ वाळूची बादली ठेवून आणि माणूस शेजारी बसवून, हे सांगायला कुठल्याही संचात कागदाचा कपटाही नसतो.

बॅटरीच्या अंगावर ‘३० सी’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ २.२ गुणिले ३०, म्हणजे ६६ अँपिअर ती देऊ शकते. छापील ‘सी’वर मी लग्नपत्रिकेतल्या ‘वेळेवर’ या शब्दाइतकाच विश्वास ठेवतो. ओळखीच्या एखाद्या नावाची निवडावी आणि बॅलन्सच्या तारेला खोचायचा, व्होल्टेज उतरलं की ओरडणारा छोटा बझर घ्यावा. संचात नसलेल्या वस्तूंत एवढ्या कमी पैशांत एवढं वाचवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

रिमोटचं थोडक्यात. संचात पडदा नसलेला रिमोट असतो, त्यात काहीही बदलायला प्रत्येक वेळी संगणक आणि खास तार लागते. मैदानात सेटिंग बदलता येत नाही. रिमोट असा घ्यावा की जो दुसऱ्या आणि पाचव्या ड्रोनलाही चालेल, ज्याचा रिसीव्हर सुटा आणि स्वस्त मिळेल आणि जो यूएसबीने संगणकाला जोडता येईल. एक्सप्रेसएलआरएस ही खुली प्रणाली हल्ली या सगळ्यात बसते. पण घेताना २.४ गिगाहर्ट्झची घ्या. परदेशी लोक कौतुक करतात ती ९१५ मेगाहर्ट्झची आवृत्ती आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाही, त्या पट्ट्यात आपले मोबाइल बोलतात. परवानामुक्त पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, पण नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये.

आणि यूएसबी कशाला, तर सिम्युलेटरसाठी. लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोन घ्या आणि तिथे तासन्‌तास पाडा. पाहुण्यांच्या ‘पाडा, शिका’ला याहून चांगलं उत्तर नाही. शंभर वेळा पडा, एकही पंखा तुटत नाही. म्हणजे खरेदीचा क्रम पण उलटला पाहिजे : आधी रिमोट, मग महिनाभर पडदा, मग मोटरा.

फ्लाइट कंट्रोलरवर मात्र मला राग येतो, तो आवरत नाही. संचात दोनच प्रकार दिसतात. एक केके २.१.५. छोटा पडदा असलेला, आठ बिटांचा बोर्ड. त्याने एका पिढीला उडायला शिकवलं, त्याबद्दल आदर. पण त्याला जीपीएस नाही, घरी परत येणं नाही. दुसरा एपीएम २.८. हा आर्डूपायलट या उड्डाणाच्या सॉफ्टवेअरचा बोर्ड म्हणून विकतात. आर्डूपायलटवाल्यांनी एपीएमसाठी कॉप्टरची शेवटची आवृत्ती काढली ती ३.२.१, सन २०१५ची. आज तिसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. तरी तोच बोर्ड ‘ऑटोनॉमस’ म्हणून खपतो. मुलगा नवी मार्गदर्शिका वाचतो, बोर्ड जुना बोलतो, आठवडा जातो आणि शेवटी दोष कुणाचा? मुलाचा. एसटीएम३२च्या एफ-४०५ चिपवरचा साधा बोर्ड घेतला तर त्यावर बीटाफ्लाइट चालतं, आयनॅव्ह चालतं आणि आर्डूपायलटच्या यादीतला बोर्ड निवडला तर तेही चालतं. किमतीत फरक आहे, पण तो पहिल्या वाया गेलेल्या आठवड्यात फिटतो.

ईएससी सुटे घ्यायचे की चारांचा एक बोर्ड, यावर मुलं भांडतात. चारांचा बोर्ड हलका आणि नीटस, मान्य. पण एक कोपरा जळला तर अख्खा बोर्ड कचऱ्यात. ज्याचा ड्रोन पडणारच आहे त्याने सुटेच घ्यावेत. पाहुण्यांच्याच तर्काने हे ठरतं, फक्त त्यांनी तो तर्क इथपर्यंत आणला नाही.

दोन बारीक गोष्टी, ज्या एकाही संचाच्या कागदावर नसतात. मोटरीखालून घालायचा एम-३ स्क्रू दोन मिलिमीटर लांब पडला की टोक गुंडाळीत घुसतं आणि मोटर पहिल्याच दिवशी शॉर्ट होते. माझ्याकडे आलेल्या जळक्या मोटरांत दोन अशा होत्या. मोटरीला दोष दिला गेला, खरा गुन्हेगार आठ आण्यांचा स्क्रू. दुसरं, ए-२२१२वर पंखा धरणारी ती शंकूच्या टोपणाची पकड. हाताने आवळली की ती ऐन वेळी नक्की सुटते आणि पंखा गवतात शोधावा लागतो. आत पाना घाला, आवळा, पुन्हा आवळा. आणि टेबलावर काहीही तपासताना पंखे काढून ठेवा, हे मी ओरडून सांगतो.

राहिला दुसऱ्या टोकाचा आक्षेप : एवढं करण्यापेक्षा तयार ड्रोनच का घेऊ नये? फोटोच काढायचे असतील तर तयार घ्यावा, वाद नाही. पण ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करायला आपल्याकडे बंदी आहे, पूर्ण बांधलेलेही नाहीत आणि जुळवायचे सुटे संचही नाहीत. सुटे भाग मात्र आणता येतात. म्हणजे कायद्याच्या नजरेतही शिकणाऱ्यासाठी मोकळा रस्ता सुट्या भागांचाच आहे. मात्र तो रस्ता बेकायदा आकाशात जायला मोकळा नाही. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. आपली ४५० मायक्रोत जाते. व्यवसायासाठी नसेल तर मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी आणि सरकारच्या डिजिटल स्काय नकाशातले लाल-पिवळे पट्टे एरवी सुटत नाहीत. पुण्यात तर लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आणि दुसऱ्या टोकाला खडकवासल्याला एनडीए. गच्चीवरून उडवण्याआधी नकाशा बघा.

किमती दर महिन्याला बदलतात म्हणून मी रुपये सांगत नाही, वाटणी सांगतो. एकूण पैशांतला निम्मा हिस्सा जमिनीवर राहणाऱ्या वस्तूंवर जाऊ द्या : रिमोट, चार्जर, सोल्डर, मल्टिमीटर. पाव हिस्सा कंट्रोलर आणि बॅटऱ्यांवर. उरलेल्या पावात फ्रेम, मोटरा, ईएससी आणि पंख्यांचा ढीग. ज्याचं बजेट याहून तोकडं आहे त्याने ड्रोन पुढच्या सहामाहीत बांधावा, आत्ता रिमोट घ्यावा. ‘सर, पण प्रोजेक्टची तारीख?’ असा प्रश्न येतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. विभागप्रमुखांना विचारा.

चाकणचा तो मुलगा परत आला होता. जळलेल्या मोटरीच्या जागी १३टीची टाकली, पिशवीतला चार्जर एका लहान भावंडाला खेळायला न देता सरळ भंगारात दिला आणि दिवाळीच्या पैशांतून चांगला चार्जर आणि रिमोट घेतला. तो रिमोट आणि चार्जर आता त्याच्या तिसऱ्या ड्रोनला लागले आहेत. पहिले दोन पडले.